शालूनं दूध सोडलं

ज्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीच्या गळ्याखाली घास उतरेनासा झाला, त्या वर्षी मी देवाला हात जोडणं बंद केलं. कोणी विचारलं तर तोंडावर सांगायची, "ज्याला तेरा वर्षांच्या पोरीचा घास खाली ढकलता येत नाही, त्याच्यापुढे नारळ कशाला फोडू?" तेव्हा मी मोर्चांची पत्रकं लिहायची. सायक्लोस्टाइलची शाई नखांतून जायची नाही आणि जाब विचारायची सवय जिभेवरून जायची नाही. हे लिहितानाही ती गेलेली नाही. सांभाळून घ्यावं.

शालूला भाकरीचा तुकडा छातीच्या मध्यावर अडायचा. वरून पाणी प्यावं तर पाणीही परत यायचं. ताटापाशी पाण्याचा पेला घट्ट धरूनच ती बसायची. लकडगंजात नात्यातलं एक लग्न होतं. तिथे भर पंगतीतून ती तोंडावर हात धरून उठली, आणि मामी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "राणीसाहेबाले सोन्याचा घास लागते का वं? आमचा नाही उतरत?" बायका हसल्या. आई खाली पत्रावळीकडे बघत राहिली. मी मामीला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण बोलले याचं मला आजही वाईट वाटत नाही.

मोठ्या दवाखान्यातही तेच, फक्त शुद्ध भाषेत. "या वयात मुलींना असं होतं. लक्ष वेधून घ्यायचं असतं," मोठे डॉक्टर म्हणाले. शालू समोरच्या स्टुलावर बसून हे ऐकत होती, मनगटं काडीसारखी झालेली. मी टेबल वाजवून भांडले, तेव्हा कुठे तोंडातून दुर्बिणीची नळी घालून तपासणी झाली आणि अन्ननळीच्या अस्तराचा कणभर तुकडा काढला गेला. तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मला नीट सांगितलं, की त्या तुकड्यात ईओसिनोफिल नावाच्या पेशी गच्च भरल्यात, रंग दिला की त्या तांबड्या दाण्यांच्या दिसतात, दमा असला किंवा पोटात जंत झाले की रक्तात वाढतात. "पण अन्ननळीत एवढ्या कशा आल्या, ते मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. त्या दवाखान्यात ऐकलेलं ते पहिलं खरं वाक्य. मोठ्या डॉक्टरांनी मात्र कागद बाजूला सारला. "आम्लपित्त आहे. गोळ्या द्या. थंड दूध पाजा, भरपूर."

जंतांचं औषध झालं, आम्लपित्ताच्या गोळ्या झाल्या. दूध तर आम्ही आधीपासूनच पाजत होतो, कारण सुखानं उतरायचं ते तेवढंच. सकाळी दूध, दुपारी दुधात कुस्करलेला भात, संध्याकाळी पुन्हा दूध. पेला मी माझ्या हातानं तिच्या ओठांना लावायची. पोर वाळतच चालली, आणि आता भातही अडू लागला.

कार्तिकात आईनं रामटेकला जायचं काढलं. मी गेले ती देवासाठी नाही, शालूला गड चढताना कोणाचा तरी खांदा लागेल म्हणून. दर्शन झालं, मी बाहेरच उभी राहिले. मग गडाखाली अंबाळा तलावाच्या घाटावर टेकलो. शेजारी भिवापूरकडची एक म्हातारी फडकं सोडून भाकर आणि लाल मिरचीचा ठेचा खात होती. शालू टक लावून पाहत होती.

"खा ना वं पोरी. काहून नुसती पाहून राहिली?"

"उतरत नाही, आजी."

"मंग देवाले काही सोडलं का?"

आमच्याकडे तीर्थावर आवडीचा एखादा पदार्थ सोडायची रीत आहे. कोणी वांगं सोडतं, कोणी सीताफळ, आणि मग जन्मभर ते तोंडात घालत नाही. माझ्या आजीनं फणस सोडला होता, जो तिनं कधी चाखलाच नव्हता. असल्या भक्तीचा मला आधीच तिटकारा. माझा भडका उडाला.

"सोडायले काय ठेवलं तुमच्या देवानं हिच्याजवळ? एक दूध तेवढं पोटात जाते!"

म्हातारीनं बोटाला लागलेला ठेचा चाटला. "मंग तेच सोडा लागते. नसलेलं सोडाले काय लागते, बाई?"

"अन् मेली म्हंजे?"

"मी काय डाक्टर हाओ का? रीत सांगतली."

मी आणखी तोंड सोडणार, तोच आईनं माझा दंड धरला. शालू पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेली होती. ओंजळीत पाणी घेऊन ती बारीक आवाजात म्हणाली, "रामा, मी दूध सोडलं." आणि पाणी सोडून दिलं.

देवापुढे बोललेला शब्द आमच्या घरात परत घेत नाहीत. येताना एसटीत मी आईशी इतकी भांडले की कंडक्टर म्हणाला, "ताई, गाडीतले लोक झोपून राहिले, जरा हळू." घरी आईनं शब्द पाळला तो कडक. चहा कोरा. ताक नाही, तूप नाही, प्रसादाचा पेढासुद्धा नाही. नुसती पेज आणि वरणाचं पाणी. शालू भुकेनं रडायची आणि मी मनातल्या मनात पत्रक लिहायची. मथळा तयार होता, 'श्रद्धेचा बळी'. त्या मथळ्याखाली माझ्या बहिणीचं नाव येणार होतं, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

पौषातल्या एका दुपारी मी घरी आले. शालू चुलीजवळ बसून वांग्याची भाजी आणि भाकर खात होती. पाण्याचा पेला फळीवर पालथा होता. मी दारातच थबकले.

"उभी काहून आहेस? बस ना," ती भरल्या तोंडानं म्हणाली.

पुढे पुन्हा दुर्बीण झाली, पुन्हा तुकडा निघाला. त्या तांबड्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. "पाहिलं? गोळ्यांनी गुण आला," मोठे डॉक्टर म्हणाले. गोळ्या रामटेकच्या आधीच बंद झाल्या होत्या. सांगितलं तर त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली. डॉक्टरीणबाईंनी मात्र घरी काय बदललं ते विचारलं, आणि दुधाचं ऐकून दोन्ही तपासण्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. "दुधानंच होत होतं का, हे मला ठाऊक नाही. पुन्हा थोडं देऊन पाहिलं तर कळेल कदाचित," त्या म्हणाल्या.

मी लगेच तयार झाले. पुरावा मिळाला असता, तर असं पत्रक काढलं असतं की त्या टेबलामागची खुर्ची हलली असती. मी शालूकडे वळले.

"ताई, तुले पुरावा पाहिजे," ती म्हणाली. "मले भाकर पाहिजे."

मला कोणी गप्प करू शकतं, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पुढच्या कार्तिकात आम्ही पुन्हा अंबाळ्यावर गेलो. मी ती म्हातारी शोधली. तशा फडक्याच्या, तशा भाकरीच्या कितीतरी होत्या, ती नव्हती. तिला रामानं पाठवलं की तिची तीच आली होती, हा वाद मी घालणार नाही. मी पाण्यात उतरले. राग सोडावा असं मनात आलं, पण तो मी ठेवला. आजही कुठल्या तरी पंगतीतून कोणाची तरी पोर उठत असेल आणि बायका हसत असतील. त्यांच्यासाठी तो लागेल. पण मामीला, डॉक्टरांना, अगदी देवालाही खोटं पाडायचं, हे मला जेवणापेक्षा गोड होतं. म्हातारीच्या हिशेबानं सोडण्यासारखं माझ्याजवळ तेवढंच होतं. ओंजळ भरली, हात जोडल्यासारखे झाले, आणि पाणी सोडून दिलं.

"झालं का वं, ताई?" वरच्या पायरीवरून शालू फडकं सोडत ओरडली. "भूक लागली मले!"