शेळी भिमाजीची, शाल कैलासची

बेडशाचा भिमाजी तसा सरळ माणूस, कष्टाळू, कुणाच्या बांधाला हात न लावणारा. पण सव्वीस जानेवारी जवळ आली की त्याच्या पोटात दुखायला लागायचं. त्या दिवशी शाळेच्या पटांगणात शाल-श्रीफळ मिळायचं ते कैलासला. दर वर्षी कैलासलाच! वाळवंटात जायबंदी झालेला आपल्या गावचा जवान म्हणून.

अहो, गेले होते दोघंही. प्रादेशिक सेनेत दोघांनी बरोबरच नाव घातलं होतं. एरवी शेती करायची, वर्षातून काही दिवस वर्दी घालायची आणि बोलावलं की निघायचं, अशी ती आपखुशीची फौज. संसदेवर हल्ला झाला त्या हिवाळ्यात बोलावणं आलं आणि मावळची ही भातखाऊ पोरं राजस्थानच्या सीमेवर जाऊन पडली.

तिथं पोचल्या पोचल्या भिमाजीनं काय करावं? तंबूभोवती चर खणला. मावळात खोप बांधली की आधी चर काढायचा, नाहीतर पावसात चूलसुद्धा वाहून जाते. हात आपले सवयीनं चालले. जिथं लोक पावसासाठी वर्षभर आभाळाकडे बघतात, तिथं हा गडी मुरमाड जमिनीत ढोपरभर चर काढून मोकळा! बाकीचे जवान पोट धरधरून हसले. पुढं पंधरवड्यात एका पहाटे, दिवा लावायला बंदी असताना, कैलास त्याच चरात पडला आणि त्याचा पाय गुडघ्यातून कामातून गेला. जोधपूरचं इस्पितळ आणि तिथून थेट घर.

"तिकडंच गेला पाय," एवढंच कैलास गावात म्हणाला. चर कुणी खणला, हे त्यानं कधीच काढलं नाही. गावानं आपल्या मनानं तिथं सुरुंग फोडला. भिमाजीला तो मुकाट्यानं गिळावा लागला, कारण चराचं नाव काढलं की फावडं कुणाचं हे आलंच.

तो स्वतः मात्र दिवाळीच्या तोंडावर परतला. चपातीबरोबर वाळू चावली होती, बाटलीभर पाण्यात दिवस काढला होता. आल्या आल्या कैलासच्या ओट्यावर बसून त्यानं सगळं सांगितलं. वादळ कसं आलं, तंबूचे दोर धरून दिवसभर कसे बसले, एका धनगराची शेळी आत घुसली आणि मांडीवर डोकं ठेवून कशी थरथरत राहिली. कैलासनं ते कान देऊन ऐकलं. आणि पुढच्या सव्वीस जानेवारीपासून भाषणात ती शेळी कैलासच्या मांडीवर बसायला लागली.

शाल गेली, नारळ गेला, आता शेळीपण? भिमाजीचा नुसता जळफळाट व्हायचा.

यंदा सरपंच राजेश्वरीताई घरी आल्या. "भिमाजीभाऊ, तुमीबी व्हता न्हवं तितं? कैलासभाऊंबद्दल दोन शब्द बोला की."

कैलासबद्दल! त्या गेल्यावर भिमाजीनं चहाचा कप असा आदळला की कान तुटला. बायको सविता म्हणाली, "शालच पायजे ना? कामशेतच्या बाजारातनं आणते मी."

"इकत आणलेली न्हाई पायजे मला!"

कार्यक्रमात कैलास बोलायला उभा राहिला. पोरं मांडी घालून समोर बसलेली. वादळ आलं, दोर आले, शेळी आली. "आन् माज्या मांडीवर डोकं ठिवलं तिनं..."

"माज्या!" भिमाजी व्यासपीठावरच्या खुर्चीतून ओरडला. "मांडी माजी व्हती! वादळ आलं तवा ह्यो तितं नव्हताच!"

पोरं माना वळवून त्याच्याकडं बघायला लागली. सरपंचबाईंचा चेहरा उतरला. मागून कुणीतरी म्हणालं, "जळतंय म्हाताऱ्याचं."

कैलास काठी टेकत भिमाजीपाशी आला. अंगावरची शाल काढून त्यानं भिमाजीच्या खांद्यावर घातली आणि माइककडं वळून म्हणाला, "खरं हाय त्याचं. मी तवा इस्पितळात पडून व्हतो. शेळी भिमाजीची."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरांनी डोळे पुसले. "काय मोठं मन आहे कैलासभाऊंचं!" म्हणत लोक कैलासला हार घालायला धावले. शाल पांघरून भिमाजी तसाच उभा. त्याच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती.

गर्दी पांगल्यावर व्यासपीठाच्या पायऱ्या उतरताना कैलासनं त्याचा खांदा धरला.

"वाळवंट मी बघितलं कुटं रं? निस्ता तंबू बघितला. तू मातर सगळं बघून आलास. दर साली तुजी गोष्ट सांगतो आन् घरी जाऊन तुज्यावरच जळतो. दुसरा पाय गेला असता तरी चाललं असतं, पर ते वादळ मला घावाया पायजे व्हतं."

कैलासचे डोळे भरून आले होते. त्याचं सांत्वन करावं, निदान चराबद्दल आज तरी माफी मागावी, असं भिमाजीच्या मनात आलंही. पण आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्यावर जळत होतं. त्याला इतकं बरं वाटलं, की त्यानं हळूच विचारलं, "लय जळतोस?"