थोरल्याच्या पसंतीची मस्टँग

आमच्या घरात थोरल्याला विचारल्याशिवाय चाकांची वस्तू घेत नाहीत. कुंडलच्या घरी पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा सगळी चौकशी चुलत्यांनी केली होती. तरी शोरूममधल्या माणसानं "कुठला देऊ?" म्हटल्यावर त्यांनी माझ्या वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं. आता ते दोघंही नाहीत आणि थोरला मी आहे. एरवी या थोरलेपणाला फारसा अर्थ उरलेला नाही. पोरं लग्नं ठरवतात आणि मला मागाहून कळतं. पण गाडीच्या बाबतीत अजून विचारतात. त्यातून मी पलूसच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा निदेशक.

या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या चुलतभावाचा फोन आला. माझ्याहून बराच लहान. गाडी चालवायला मीच शिकवलं त्याला, कोयनानगरच्या घाटात, आमच्या जुन्या जीपवर.

"दादा, मस्टँग घ्यायची म्हंतोय," तो म्हणाला. "पन तिच्यात लय प्रकार हाईत. कुठली घ्यायची ते तुमी सांगा."

"बघतो," एवढंच मी म्हणालो. आवाज जपून नीट ठेवला. आनंद झाला असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. शिकत होतो तेव्हापासून या अमेरिकन स्पोर्ट्स गाडीचं चित्र माझ्या खोलीच्या भिंतीवर होतं. तिच्या प्रत्येक पिढीचं इंजिन मला पाठ आहे. आणि गाडी कोण घेणार, तर ज्याला आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन म्हणजे काय हे त्याच फोनवर मला समजावून सांगावं लागलं तो.

कंपनीच्या संकेतस्थळावर आपली गाडी आपण जुळवत जायची सोय आहे. संध्याकाळी जेवणाआधी मी तिथं बसू लागलो. सगळ्यात खाली चार सिलिंडरची टर्बो. त्याच्या गरजेला ती भरपूर झाली असती. ती मी उघडूनही पाहिली नाही. जीटी घेतली, पाच लिटरचं व्ही-एट. प्रीमियममध्ये उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम होणाऱ्या चामड्याच्या सीट मिळतात, म्हणून प्रीमियम. मग परफॉर्मन्स पॅक: पुढं मोठे ब्रेक, मागं रुंद टायर आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. वळणावर एक चाक नुसतंच फिरत राहू नये, दोन्हींना जोर मिळावा, म्हणून हे असतं. मी ते वर्षानुवर्षं फळ्यावर खडूनं काढून शिकवतो. प्रत्यक्ष हात कधी लागलेला नाही. रस्ता बघून क्षणात कडक-मऊ होणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर घेतले. सायलेन्सरचा आवाज बटणानं कमी-जास्त करता येतो, तेही घेतलं.

बायको मागं उभी राहून बघत होती. "आवं, गाडी भावजींची का तुमची?" ती म्हणाली. "दारात जागा करून ठिवू का?"

मी हसलो नाही.

शेवटी गिअरबॉक्स. सहा गिअरची मॅन्युअल की दहा गिअरची ऑटोमॅटिक. भावाला ऑफिसला जाताना रोज तुंबलेल्या रस्त्यातून जावं लागतं, हे मला माहीत होतं. त्याची बायको सांगलीच्या व्यापारी घरातली, गाडी शिकली ती अमेरिकेतच. क्लचवर तिचा पाय कधी पडलेला नाही, हेही माहीत होतं. तरी मी त्याला लिहिलं, "मॅन्युअलच घे. ऑटोमॅटिकच घ्यायची असंल तर मग स्कूटर घे."

त्यानं शब्दही न बदलता तशीच ऑर्डर दिली.

आठवड्याभरात त्याच्या बायकोचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली. मग तिनं चाचरत विचारलं, ऑटोमॅटिक फारच वाईट असते का. तिनं नवऱ्याला म्हणून पाहिलं होतं. दादांनी सांगितलंय, यावर त्यानं विषय संपवला होता. तक्रार नव्हती तिची. मला चालवता येणार नाही, पण त्यांची हौस आहे, असं तीच म्हणाली. मॅन्युअलची मजा वेगळी असते, असं काहीतरी बोलून मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी वर्गात क्लच शिकवताना माझं लक्ष लागेना. मॅन्युअल मला खरोखर आवडते. पण ती गाडी त्याच्या घरात सुखानं रुळू नये, असंही मला वाटलं होतं. ही दोन कारणं एकमेकांपासून सोडवायचा मी फार प्रयत्न केला. ती सुटली नाहीत.

ऑर्डर अजून कारखान्याकडे जायची होती. मी त्याला फोन लावला आणि गिअरबॉक्स बदलता येईल का विचारलं.

"येतंय की. पन कशाला? तुमी सांगितलंय न्हवं?"

"दहा गिअरची जरा जास्त पळती," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. पण खरं कारणही नव्हतं.

"मग आमी जरा उशिरा पोचू, दादा."

तो हसत होता. एकदा थोरल्यानं सांगितलं की त्याच्या लेखी विषय संपला. खरं सांगितल्याशिवाय ते मॅन्युअल निघणार नव्हतं.

"ती गाडी मी माझ्यासाठी निवडली रं," मी म्हणालो. "तुज्या बायकूला क्लच जमत न्हाई, हे ठावं असून. तुला मिळतीय ते मला बघवंना."



"तुमाला पायजे हुती व्हय?" मग त्यानं विचारलं.

"लय."

"कवा बोलला न्हाईत."

मग तोच म्हणाला, "बरं. ऑटोमॅटिक करतो. रंग तेवढा तुमी सांगा."

तो मोठ्या मनानं मला माझं थोरलेपण परत देत होता. गडद निळा माझ्या जिभेवर होता. महिनाभर मी तोच बघत होतो.

"रंग तिला विचार," मी म्हणालो.

गाडी आल्यावर फोटो आला. पांढरी. पाच लिटरचं इंजिन, आणि रंग आमच्या प्राचार्यांच्या गाडीचा. स्टिअरिंगवर ती बसली होती, तो शेजारी, दोघंही उन्हानं डोळे बारीक करून हसत होती. मी "छान दिसते" असं लिहून पाठवलं. मग फोटो मोठा करून मागचं टायर पाहिलं. चांगलं रुंद होतं. फोन खिशात घातला आणि वर्गावर गेलो. त्या तासाला डिफरन्शियल शिकवायचं नव्हतं, तरी मी तेच फळ्यावर काढलं.