घडी मोडली ती भर दुकानात

माझे वडील शुक्रवार पेठेतल्या एका कापड दुकानात गादीवर बसून लुगडी दाखवायचे. मालक मोठा सचोटीचा, असं गाव म्हणायचं. कशावरून? तर कपाळाला गंध, उन्हाळ्यात दारात पाण्याचे माठ, अन् रोज सकाळी कापड मोजायच्या गजाला नमस्कार! झालं, मोजली सचोटी.

मेल्यानं नऊवारी म्हणून हातभर आखूड लुगडी विणून घेतली. वडील नको नको म्हणत होते. एका बाईनं बोंब मारली, तेव्हा मालकानं सगळ्यांदेखत वडिलांकडं बोट दाखवलं. "विणकराशी साटंलोटं ह्यांचंच." त्यांना गादीवरून उठवलं. तेव्हापासून वडील घराबाहेर पडेनात, देवळातसुद्धा जाईनात.

संक्रांतीला माहेरी आले तर हे असं. माझं डोकंच फिरलं.

दुकानात कुणी लुगड्याची घडी मोडत नसे. मोडली की ते तुमचं, घरी जाऊन आखूड निघालं तरी बोलायची सोय नाही. ह्याच रीतीवर तर त्याचं फावलं होतं! सणाची गर्दी बघून मी गेले, काळी चंद्रकळा मागितली आणि फर्रकन घडी मोडली. अंगावरच्या लुगड्यावरून नेसायला लागले. बायका आ वासून बघत राहिल्या. निऱ्या झाल्या, पदर झाला, पण कासोटा मागं पोचेना.

"एकावर एक नेसलं तर कसं पुरेल गं?" मालक हसला.

"मग वरनं काकूंना बोलवा की. त्या नेसून दाखवतील." त्याची बायको वरच्याच माडीवर राहायची.

"तिला कशाला? आमच्या घरात दुकानातली ही लुगडी नेसत नाहीत!"

बोलून गेला, अन् मग त्याला कळलं. एका म्हातारीनं मांडीवरचं लुगडं खाली ठेवलं आणि ती उठली. तिच्यामागं सगळ्याच उठल्या. काळीज गार झालं माझं.

दोन दिवसांनी स्वारी आमच्या दारात. "झालं गेलं विसरा, कामावर या." वडील भोळे, पागोटं शोधायला लागले. मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले.

"आधी दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हणा, लबाडी माझी होती."

तो खाली मान घालून निघून गेला. वडील कुठल्याच दुकानात पुन्हा बसले नाहीत, आणि माझ्याशी कितीतरी दिवस बोललेही नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून देवळात गेले, भर पेठेतून, मान वर करून. मालकाचं दुकान पुढं बसलं, तेव्हा मी घरात साखर वाटली.