टरफलाच्या तेलाची ट्रायल

सुट्टीचे नऊ दिवस उरले होते. मी रत्नागिरीत, मांडवीला घरी होतो. युनिटचा निरोप आला: परतल्यावर मेडिकल, मग बर्फातल्या चौकीवर तीन महिने. मी हवालदार. दहा जवानांचा सेक्शन माझा. मेडिकलला जो ‘शेप-वन’, म्हणजे ठणठणीत, तोच वर जाणार.

आणि माझे तळहात फाटलेले. जुना एक्झिमा. पाच वर्षं एमआय रूमचं, म्हणजे युनिटच्या दवाखान्याचं, मलम लावत होतो. मलम संपायचं, एक्झिमा संपायचा नाही. डॉक्टरसाहेबांनी बजावलं होतं, “या भेगा घेऊन तुला बर्फात पाठवणार नाही.” सेक्शन वर जाणार आणि मी खाली बसणार, हे मला मंजूर नव्हतं.

नाईक दत्ता गुरव माझा बडी. फौजेत बडी म्हणजे एका ताटात जेवणारा आणि एका खड्ड्यात झोपणारा. तो लांज्याचा, तोही सुट्टीवर. सकाळी दहाला मी त्याच्या घरी पोचलो. त्याची आई काजूच्या कारखान्यात कामाला गेली होती. ती घरात असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

“आयचे हात बघितलेत ना, साहेब? वीस वर्षं काजू फोडत्येय. नुसतं चामडं झालंय. एक भेग दाखवा!” दत्ताने फळीवरून बाटली काढली. “सगळी करामत या टरफलाच्या तेलाची.”

तेल काळं, दाट. चौकटीला वाळवी लागू नये म्हणून ते ठेवलेलं असे.

“अरे, हे वाळवीचं औषध.”

“मग तुमच्या हातांना वेगळं काय खातंय?”

मी हसलो. तिथेच हरलो.

“पहिली ट्रायल माझ्यावर,” म्हणत त्याने स्वतःच्या मनगटाला बोट लावलं. घड्याळ लावून आम्ही एक तास बसलो. काही झालं नाही. फौजेत ट्रायल पास झाली की हुकूम निघतो. दत्ता अंगणात सावधान उभा राहून ओरडला, “अप्लाय!” कोंबड्या पळाल्या. मी दोन्ही तळहात माखले.

हे तेल सावकाश भाजतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. दत्ताची कातडी लहानपणापासून त्याला सरावलेली, हेही सुचलं नाही. कारखान्यातल्या बायका खोबरेल आणि राख चोळतात, ती याच तेलापासून हात वाचवायला. ते चामडं म्हणजे जुन्या भाजण्याच्या खुणा. शत्रूलाच आम्ही कुमक समजलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी हात भाकरीसारखे फुगले. मग फोड. मग सालं. दत्ताच्या मनगटावर एक काळा ठिपका, बस.

मेडिकलला डॉक्टरसाहेबांनी बँडेज सोडलं.

“काय लावलंस?”

“तेल, सर. काजूचं.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “अनफिट. सहा आठवडे.”

बाहेर दत्ता उभा होता. “सेक्शन कोण नेणार?”

“तू.”

“येस, साहेब,” तो म्हणाला. या वेळी कुणीच हसलं नाही.

मला बेसला रेडिओ सेटवर बसवलं. मी दोन मनगटांत हँडसेट धरायचो. सेक्शन वर गेल्याच्या बाराव्या दिवशी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी दत्ता सेटवर आला.

“हात कसे आहेत? ओव्हर.”

“सालं निघतायत. चौकीची खबर दे. ओव्हर.”

“सब ठीक. वरच्या धारेवर बर्फ भारी झालंय. विलासला घेऊन वाट मोकळी करायला निघतोय. ओव्हर.”

“सांभाळून. आउट.”

दोन चाळीसला मी कॉल दिला. उत्तर नाही. अकरा वेळा दिला. चार वाजता चौकीवरून दुसरा आवाज आला. धारेवरचं बर्फ सुटून खाली आलं होतं. नाईक दत्ता गुरव, शिपाई विलास पाष्टे. दोघेही सापडले, उशिरा.

माझे फोड सातव्या आठवड्यात भरले. नवी कातडी आली आणि तिच्यावर त्याच जुन्या भेगा उमटल्या.

पुढच्या सुट्टीत मी लांज्याला गेलो. दत्ताच्या आईला, काकींना, सगळं सांगितलं. बाटली, ट्रायल, मेडिकल. वाट मोकळी करायला खरं तर मी जाणार होतो, हेही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग एकच विचारलं.

“त्या दिवशी जेवला व्हता काय रे तो?”

वाट मोकळी झाल्याशिवाय त्या चौकीवर जेवण होत नसे.

एकवीस वर्षांच्या नोकरीत मी कुणालाही खोटा रिपोर्ट दिला नाही. तो एकच दिला.

“हो, काकी. पोटभर.”