मालतीकाकूंची खिडकी

आमच्या ऑफिसात किस्से साठतात, कारण आम्हाला वाट फार बघावी लागते. कारखान्यात वायू गळला तर तो कुठे आणि किती वेळात पसरेल, हे आम्ही कॉम्प्युटरवर मॉडेल करून सांगतो. एकदा रन सुरू केला की तासन् तास स्क्रीनवर एक निळसर ढग हळूहळू फुलत राहतो. वागळे इस्टेटमधली दुपार, शेजारच्या वर्कशॉपची ठकठक आणि समोर तो ढग. माणूस अर्धा झोपेत जातो, अर्धा गप्पांत!

माणसं चारच. करंदीकर सर, डोंबिवलीची प्राची, ठाण्याच्या कोळीवाड्यातला हरेश आणि कल्याणहून येणारा मी. सरही डोंबिवलीचेच. त्यांच्या पत्नी मालतीकाकू गेल्यापासून एकटे राहतात, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतात. आम्हाला त्यांची काळजी वाटते, पण ते बोलायची सोय नाही. विषय काढला की म्हणतात, "मी काय कुकुल्लं बाळ आहे?"

*

मॉडेलमध्ये आम्ही जागोजागी व्हर्च्युअल सेन्सर ठेवतो. ते खरं यंत्र नसतं, नुसता हवेतला एक बिंदू. तुझ्यापर्यंत वायू पोहोचला का, कधी पोहोचला, एवढंच त्याला विचारायचं. वायर नको, बॅटरी नको. हवं तर छताला टांगा, हवं तर जिन्यात बसवा.

सरांचा नियम असा की सेन्सरला नंबर द्यायचा नाही. आपल्या माणसाचं नाव द्यायचं. "सतरा नंबरला वायू लागला तर तुम्ही चहा पीत बसाल. आत्याला लागला तर उठाल!"

नियम चांगला आहे. फक्त एकदा नावं बदलायची राहिली आणि रिपोर्ट तसाच कंपनीकडे गेला. दुसऱ्या दिवशी तिथल्या मॅनेजरांचा फोन आला. आवाज अगदी गंभीर.

"रिपोर्ट मान्य आहे. फक्त तुमच्या मामांना बॉयलरपासून जरा लांब उभं करता येईल का? आमच्या साहेबांना वाचवत नाही!"

*

सरांचा स्वतःचा सेन्सर एकच. नाव मालती. कुठलंही मॉडेल असो, गोदाम असो की केमिकलचा प्लांट, सर एक खिडकी शोधतात आणि मालतीला तिथे बसवतात. तिथे वायू कधीच पोहोचत नाही. रिपोर्टला तिचा काडीचा उपयोग नाही.

नवीन असताना मी विचारलेलं, "सर, हा काढू का? रीडिंग कायम शून्यच आहे."

"असू दे. तिला खिडकीत बसायला आवडायचं," सर म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मी पुन्हा कधी विचारलं नाही.

*

शून्यावरून आठवलं. प्राचीने एका मॉडेलमध्ये आपल्या आजोबांच्या नावाचा सेन्सर ठेवला, अप्पा. सगळीकडे ढग पोहोचला, पण अप्पा शून्यावर. प्राची दिवसभर खुशीत. "आमचे अप्पा एकदम सेफ!"

संध्याकाळी सरांनी मॉडेल फिरवून बघितलं. अप्पा काँक्रीटच्या भिंतीच्या आत होते!

"अगं, चिणलंस की त्यांना!" हरेश ओरडला.

सर हसले नाहीत. म्हणाले, "लक्षात ठेवा. शून्य आलं म्हणजे वायू नाही, असं नव्हे. आधी बघायचं, सेन्सर भिंतीत तर नाही ना." तेव्हापासून आमच्याकडे कुणाच्या डोक्यात काही शिरलं नाही की आम्ही म्हणतो, "भिंतीत आहे!"

*

आंबिवलीच्या एका बंद कारखान्याच्या आवारात आम्ही धुराची चाचणी केली. मॉडेलमध्ये जिथे सेन्सर होते तिथे प्रत्यक्ष आम्ही उभे राहिलो. नाटकात सोडतात तसला पांढरा धूर सोडला. तो गवतावरून इतक्या सावकाश आला की धूर जागेवर आहे आणि आपणच तरंगतोय, असं वाटायला लागलं. घड्याळात बघायचं आम्ही तिघंही विसरलो.

सर मधोमध, डोळे मिटून, गुडघ्यापर्यंत धुरात. फाटकाशी एक आजी थांबली. बराच वेळ बघून तिने वॉचमनला विचारलं, "कुणाची शूटिंग हाय? हिरो लय म्हातारा घेतलाय!"

*

एकदा आम्ही आमच्याच ऑफिसचं मॉडेल केलं. वायू म्हणून निवडला हरेशच्या डब्यातल्या सुक्या जवळ्याचा वास. एरवी जवळा गच्चीवर खायचा, असा सरांचाच हुकूम. त्या दिवशी विज्ञानासाठी सूट मिळाली.

मॉडेल म्हणालं, प्राचीपर्यंत अर्धं मिनिट, माझ्यापर्यंत एक, दाराखालच्या फटीतून सरांच्या केबिनमध्ये तीन. हरेशने डबा गरम करून उघडला. प्राचीने हात वर केला, मग मी. अगदी वेळेवर! केबिनमध्ये सर पेपर वाचत बसलेले. तीन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली.

"सर, आला?"

"नाही बुवा."

म्हणजे मॉडेल चुकलं. आम्ही आठवडाभर त्याच्या मागे लागलो. शेवटी मॉडेलमधली दाराखालची फट बंदच करून टाकली, तेव्हा कुठे आकडा सरांशी जुळला. सरांनी सही केली. खरी फट अजून आहे तिथेच आहे. तिच्यातून उंदीर जातो!

*

मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. रविवारी दुपारी आम्ही तिघं सरांकडे चहाला गेलो. जिन्यातच प्राची थबकली. मलाही वास आला. स्वयंपाकाचा गॅस!

सरांनी हसत दार उघडलं. "या, या! दूध उतू गेलं आणि गॅस विझला वाटतं. पेटवतोच आहे." हातात लायटर.

"सर, हात हलवू नका!" प्राची किंचाळली. हरेश त्यांना जवळजवळ ढकलून आत गेला, बटण बंद केलं आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. मी लायटर काढून घेतला. खूप भीती वाटली, आणि सरांचा रागही आला.

आम्ही गॅलरीत उभे राहिलो. सर प्राचीकडे वळले.

"प्राची, वास कुठपर्यंत येत होता?"

"जिन्यापर्यंत, सर."

सरांनी मान हलवली. "म्हणजे जवळाही माझ्या केबिनपर्यंत आला होता."

सर कठड्याला टेकले.

"मागे ताप आला होता ना, त्यानंतर गेलं नाक. वासच येत नाही. तुम्हाला कळलं तर एकटं राहू देणार नाही, असं वाटलं." मग एकदम ऑफिसातल्या आवाजात, "उद्या ती फट मॉडेलमध्ये परत उघडा. मॉडेल बरोबर होतं. मी भिंतीत होतो."

पुढच्या रविवारी हरेश गॅस ओळखणारा खरा सेन्सर घेऊन गेला. हातात ड्रिल, पेन्सिल कानावर. "सर, वर लावू की खाली?"

"हा गॅस हवेपेक्षा जड. खाली."

"आणि नाव?"

सर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत राहिले. बाहेर दोरीवर त्यांचा एकच सदरा हलत होता.

"तिला आता खिडकीतून उठवू या," ते म्हणाले. "इथे बसव. ओट्यापाशी, माझ्याजवळ."