पाहुणे आले तेव्हा डाकोटा ओला होता

माझ्या मुलीला पाहायला आलेल्या पाहुण्यांनी मुलीपेक्षा माझं विमान जास्त वेळ पाहिलं. हे वाक्य बायको दर लग्नसराईत एकदा तरी ऐकवते, आणि मी मान खाली घालून पान लावत बसतो.

विमान म्हणजे हवाई दलाच्या जुन्या डाकोटा विमानाची प्रतिकृती. फुटाला अर्धा इंच या मापानं, सावरीच्या हलक्या लाकडातून कोरलेली. सुरू केली तेव्हा मुलगी प्राथमिक शाळेत होती. ती बी.ए. होऊन भंडाऱ्याला बी.एड.ला लागली, तरी जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरातलं आमचं एकुलतं एक टेबल विमानतळच होतं. माणसं जेवायची खाली.

धान मळून झाल्यावरचे दिवस. सिहोऱ्याकडचे पाहुणे रविवारी यायचे होते, घरची राइस मिल. "ते लाकूड उचला आता," बायको म्हणाली. पण पंखावरचं हवाई दलाचं तिरंगी चक्र तेवढं राहिलं होतं. ते झालं की लपवायची वस्तू दाखवायची होईल, असा माझा हिशेब. मुलीचीच बांगडी ठेवून बाहेरचं वर्तुळ आखलं, केशरी रंग भरला. इनॅमल तो, थंडीत वाळतो कशाला! आता विमान हलवायचीही सोय उरली नाही.

मुलीनं सकाळीच सांगून ठेवलं होतं, "बाबा, पोहे झाले का आमा दोघायले दहा मिनिटं बोलू द्या म्हनजा. तुमी म्हनल्याबिगर कोनी म्हनत नाही. मले बी.एड.चं इचारायचं आहे त्यायले."

"म्हणतो ना," मी म्हणालो. नजर ब्रशावर.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि मामा. वडील बसण्याआधीच टेबलाकडे वळले. "हे इमान तुमी बनवलं जी?"

झालं! एक्स-रेची फिल्म धुऊन खिडक्यांना काचा कशा बसवल्या, पंख्याची पाती किती वेळा मोडली, सगळं सुरू झालं. 'हात लावू नका' म्हणेपर्यंत मामांचं बोट केशरी झालं, तेही मीच पुसून दिलं. पोहे आले, मुलगी येऊन बसली, चहा झाला. आतून बायको खोकली. "पाणी पी थोडं," मी म्हणालो आणि विमानाच्या शेपटाकडे वळलो.

एस.टी.ची वेळ झाली तसे वडील उठले. "पोरगी पसंत आहे आमाले."

ते चपला घालत होते, तेवढ्यात मुलगी अंगणात आली. मुलाला म्हणाली, "मले एक इचारायचं होतं. माह्यं बी.एड. पुरं होऊ द्याल ना तुमी?"

मुलानं वडिलांकडे पाहिलं. वडील हसले, "मिलवाल्याच्या घरी बी.एड. कायले लागते, बाई?"

"बाबा म्हनतीन तसं," मुलगा म्हणाला.

"बरं," म्हणून ती आत गेली. पाहुणे गेल्यावर एवढंच बोलली, "माह्यं नाही आहे."

"सगळ्यांसमोर बिचारा काय बोलणार?" मी म्हणालो. "एकट्यात विचारायला मिळालं असतं तर... माझंच चुकलं."

"एकट्यात 'हो' म्हनला असता, बाबा. मंग लगन झाल्यावर त्याच्या बापानं 'नाही' म्हनलं असतं." आणि ती हसली. बायकोचं बोलणं मला सवयीचं आहे, हे हसू नव्हतं. तिची दहा मिनिटं खाल्ली मी, आणि समजूतही माझीच निघत होती. "पन नाही सांगाले तुमीच जाजा. पोस्टकार्ड टाकू नोका."

गेलो. वडील मिलच्या दारातच भेटले. "या जी, या! चाकं वर कशी जातात थे राहूनच गेलं पाहाचं."

चाकांचीच तर मला सर्वांत जास्त घमेंड. जीभ वळवळली. त्यांनी खुर्ची सरकवली, पण मी बसलो नाही. "आधी मुलीचं सांगतो," म्हणालो, आणि सांगितलं.

त्यांचा चेहरा उतरला. "घरी बसलो तवा काहून नाही बोल्ले? बाप आहा ना तुमी?"

"तवाच बोलाले पायजे होतं जी," मी म्हणालो. "बोललो नाही, म्हनून आलो."

चहा कोणी विचारला नाही. परतीच्या बसला बराच अवकाश होता.