सासूच्या गावात

नाशिकजवळच्या विमानांच्या कारखान्यात मी काही वर्षं दुभाषी होते. रशियन मी पुण्यात शिकले होते. सोव्हिएत देशातून आलेले इंजिनिअर कॉलनीत सहकुटुंब राहत. त्यांच्या बायकांना बाजारात न्यायचं, दवाखान्यात सोबत करायची, हेही काम माझ्याकडेच असे. आम्ही त्या सगळ्यांना सरसकट रशियन म्हणायचो. त्यातली एक मात्र पहिल्याच दिवशी म्हणाली, "मी युक्रेनची." पंचेचाळिशीची, रुंद हाडाची, कमी बोलणारी बाई. भर उन्हाळ्यातही जाड मोजे घालायची. एकदा दवाखान्यात ते काढावे लागले, तेव्हा तिची पोटरी दिसली. मांसाचा लचका तोडून काढल्यासारखा खोल व्रण होता. डॉक्टरांनी विचारलं. ती म्हणाली, "कुत्रा. लहानपणी."

एका मार्चमध्ये तिची सासू तिकडे वारल्याचा निरोप आला. नवऱ्याला जायला परवानगी मिळेपर्यंत म्हातारीला माती देऊन झाली असती. माझ्या सासूबाईंनी मला पिठलं-भाकरीचा डबा भरून दिला. "सुतकाच्या घरात चूल पेटत नाही गं. परके असले म्हणून काय झालं? घेऊन जा."

मी गेले तर तिच्या गॅसवर पातेलं उकळत होतं. बीट आणि कोबीचं सूप. नवरा बाहेर गेला होता. डबा कशासाठी आणला ते मी समजावून सांगितलं. तिने झाकण उघडून पाहिलं आणि हसली.

"माझी चूल पेटलेली आहे," ती म्हणाली. "बस. आज सांगते. ती मेली, आता सांगायला हरकत नाही."

तिचं गाव लहान होतं. एक ओढा, एक पवनचक्की, ओळीने घरं. तिच्या जन्माआधी तिथे असा दुष्काळ पडला होता की लोकांनी झाडांच्या साली खाल्ल्या. "पडला नव्हता, पाडला होता," एवढं बोलून तिने खिडकी लावून घेतली. त्यावर तिच्या देशात कुणी बोलत नसे. त्यातून जे वाचले ते लढाईच्या वाट्याला आले. जंगलातल्या बंडखोरांनी रस्त्यावर दोन जर्मन शिपाई मारले, आणि जवळचं गाव म्हणून तिचं गाव धरलं गेलं. ती नऊ वर्षांची होती. गाय घेऊन ओढ्याकाठी गेली होती. जर्मनांनी सगळ्यांना घोड्यांच्या तबेल्यात घातलं, दारं बाहेरून खिळे ठोकून बंद केली आणि आग लावली. आई, दोन भाऊ, आजोबा. तिला तिथवर ओरडणं ऐकू आलं.

"गाय सवयीने घराकडे निघाली. मी उलटी पळाले."

शेजारच्या गावात तिने दारं ठोठावली. कुणी उघडलं नाही. आसरा दिला तर आपलाही तबेला पेटेल, हे त्या लोकांना कळत होतं. एका घराचं फाटक तिने ढकललं. दारात एक बाई उभी होती. तिने मुलीकडे नीट पाहिलं, मागे वळून घरात काहीतरी सांगितलं आणि दार लावलं. मग कुत्रा आला.

शेतातल्या गंजीत ती पडून राहिली. पुढे अनाथाश्रम, पुढे शहरात नर्सचं काम. तिच्या गावाची जागा नांगरून तिथे बटाटे लावले गेले. "मोठे यायचे. लोक आवडीने न्यायचे."

शहरात तिला नवरा भेटला. त्याच शेजारच्या गावचा, हे तिला माहीत होतं. पण गावात घरं पुष्कळ. लग्नानंतर तो तिला आईकडे घेऊन गेला. आपल्याकडे नव्या सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात. तिकडे सासू पाव आणि मीठ घेऊन दारात उभी राहते. तिने फाटक ओळखलं. मग पाव धरून उभी असलेली बाई ओळखली.

"मग काय केलंत?"

"पाव खाल्ला. कुठे जाणार होते?"

वीस वर्षं दोघींपैकी कुणी शब्द काढला नाही. नाशिकला निघण्याआधी म्हातारी अंथरुणाला खिळली. तिला पुसताना हिने मोजा खाली केला आणि पाय दाखवला.

"म्हातारी म्हणाली, 'तू सून म्हणून आलीस, मी तुला त्याच दिवशी ओळखलं. घरात माझी चार लेकरं होती. पुन्हा आलीस तर पुन्हा तेच करीन.' मी म्हटलं, बरं. पुसून झालं, पांघरूण घातलं. तशी म्हणाली, 'साखळी मी नाही सोडली. थोरल्याला सोडायला सांगितली.'"

थोरला म्हणजे तिचा नवरा. तेव्हा बारा वर्षांचा असेल.

"त्यांना आठवतं?" मी विचारलं.

"व्रण त्याने हजारदा पाहिलाय. कधी विचारलं नाही."

तेवढ्यात तो आला. रडून डोळे सुजले होते. मला पाहून खुर्चीत बसला आणि म्हणाला, "माझी आई फार दयाळू होती. लढाईत दारात आलेल्या कुणाला तिने उपाशी पाठवलं नाही."

मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं. "जेव," म्हणाली. तो जेवला. माझ्या सासूबाईंची भाकरीही त्याने सुपात बुडवून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी त्याने आईचा फोटो भिंतीवर लावला. आपल्या घरांतून त्याने हार घातलेले फोटो पाहिले होते. मला झेंडूचा हार आणायला सांगितला. मी नेला तेव्हा तो कामावर गेला होता. तिने हार हातात घेतला, स्टुलावर चढली आणि फोटोला घातला. एका बाजूला झुकला होता तो सरळ केला. खाली उतरून मला म्हणाली, "रोज ताजा लागतो का गं?"

मी म्हटलं, "रोज घातला तर चांगलं."

"मग उद्याही आण," ती म्हणाली.